लोंबणाऱ्या अक्षरांचे पाय

त्या सकाळी बाबांनी पेपर उघडला, आतबाहेर उलटून पाहिला आणि आईला विचारलं, "ह्यो गुजराती पेपर कोणी टाकल्यान?"

आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहायचो. आमच्या मजल्यावर निम्मी घरं गुजराती होती, त्यामुळे पेपरांची अदलाबदल काही नवी नव्हती. आईने पिठाचे हात पुसले, पेपर उचलला आणि शेजारच्या बेनकडे गेली. बेनचा पेपर बेनकडेच होता. आई परत आली. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण मराठी कुठलं आणि गुजराती कुठलं एवढं तिला कळायचं. गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते. तिने पेपर बाबांच्या मांडीवर ठेवला आणि हा आपलाच आहे म्हणून सांगितलं. बाबांनी तो पुन्हा पाहिला. मग माझ्यासमोर धरला.

"तू सांग गो. ही खयची भाषा?"

मी कामावर निघायच्या घाईत होते, वेणीचे पेड अजून हातात होते. पहिल्या पानावर जाड मथळा होता तो मी वाचून दाखवला. बाबा आधी माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग मथळ्याकडे. मी पाठ केलेलं काहीतरी म्हणून दाखवतेय आणि त्याचा त्या कागदाशी काही संबंध नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आई म्हणाली, चष्मा पुसा. त्यांनी पुसला. मग तोंड धुवायला उठले आणि मोरीच्या चौकटीवर त्यांचा उजवा खांदा आपटला. तिथे चौकट आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं.

त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

बाबा आधी परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. कापडाचा तागा घडी होऊन आला की त्याच्या टोकावर गिरणीचा सोनेरी छाप मारायचा, हे त्यांचं काम. संपानंतर ती गिरणी उघडलीच नाही. मग आमच्या गावच्या एकाने त्यांना भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लावून दिलं. गेटवर बसायचं, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. बाबांचं अक्षर चांगलं होतं आणि त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. माझं अक्षर त्यांनीच घोटून घेतलं होतं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बाबांना हात वर करायला सांगितले, जीभ काढायला लावली, बोटं मोजायला लावली. सगळं ठीक होतं, फक्त उजवीकडून आलेलं बोट त्यांना दिसत नव्हतं. मग बाईंनी कागद दिला आणि नाव, गाव लिहायला सांगितलं. बाबांनी झरझर लिहिलं, अक्षर नेहमीचंच, किंचित डावीकडे झुकणारं. बाईंनी तो कागद काढून घेतला, गावाकडच्या पावसापाण्याच्या दोन गोष्टी केल्या आणि मग दुसऱ्या दोन कागदांबरोबर तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला. यातलं तुमचं कुठलं, काय लिहिलंय, वाचा. बाबा तिन्ही कागदांकडे बघून ओशाळं हसले. यातलं माझं काहीच नाही, म्हणाले.

मेंदूच्या मागच्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आहे, असं बाईंनी मला बाहेर बाकावर बसवून समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, बोलणं चांगलं आहे, हात लिहू शकतो. फक्त दिसलेलं अक्षर म्हणजे काय, हे आत पोचत नाही. थोडं सुधारेल, सगळं नाही. मी मान हलवत होते. आई शेजारी रडत होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता, कारण तसा ठेवायचा असतो. मला काही वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर हिरडीला जीभ लावून बघावी आणि ती दुसऱ्याच कोणाची असावी, तसं. तेव्हा मला वाटलं की घरी गेल्यावर उतरेल. ते उतरायला फार वेळ लागला. पूर्ण उतरलं का, हे मला आजही सांगता यायचं नाही.

माझी नोकरी अक्षरं काढायची होती. मरोळला बोल्ट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांऐवजी फिल्मवर अक्षरं उमटवणारी मशीनं तेव्हा नवीन आली होती. त्या मशीनना लागणारी मराठी-हिंदी अक्षरं आमच्याकडे काढली जायची. एकेक अक्षर वीतभर उंचीचं. आधी पेन्सिलीने सांगाडा, मग त्याला जाडी द्यायची, मग शाई, आणि शेवटी लाल फिल्मवर ब्लेडने कापायचं. खालच्या मशीनचा धक्का बसून टेबल हलायचं, म्हणून आम्ही टेबलांच्या पायाखाली रबराचे तुकडे घातले होते.

मी परत कामावर गेले तेव्हा सरांनी माझ्या टेबलावर एक इंग्रजी लग्नपत्रिका ठेवली. सर पन्नाशीचे होते, गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं असायचं. पत्रिकेतली अक्षरं नटवलेली होती. इंग्रजी अक्षरांच्या रेघा जिथे संपतात तिथे छोटी पावलं असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. या अक्षरांत ती पावलं वेलीच्या कोंबासारखी वळलेली होती आणि वळणाच्या टोकाला कळीएवढा ठिपका होता. मशीन विकणाऱ्या गिऱ्हाइकाला याच थाटाची मराठी अक्षरं हवी होती. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मिठाईचे खोके, साड्यांच्या पिशव्या, असल्या सगळ्यावर चालतील अशी. हे काम आधी माझ्या शेजारच्या टेबलावरची, वाकोल्याहून येणारी मैत्रीण करणार होती. तिच्याकडे दुसरं मोठं काम आलं, म्हणून ते माझ्याकडे आलं.

पहिली अडचण लगेच दिसली. इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात, म्हणून त्यांना पाय शोभतात. आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. लोंबणाऱ्याला पाय कशाला हवेत. मी आठवडाभर नुसते 'क' काढत होते. रेघेच्या दोन्ही टोकांना कोंब दिले तर दोन अक्षरं शेजारी आली की कोंब एकमेकांत घुसायचे. दंडाच्या, म्हणजे उभ्या रेघेच्या, खाली सरळ पाऊल दिलं की अक्षराने बूट घातल्यासारखं वाटायचं.

उत्तर घरी सापडलं, उशीवर. बाबा गिरणीत असताना छाप वेडावाकडा उठलेले कापडाचे तुकडे कधीकधी घरी यायचे आणि आई त्यांचे अभ्रे शिवायची. एका अभ्र्यावर इंग्रजी छापाचा अर्धा भाग आला होता. सोनेरी रंग धुऊन धुऊन पिवळट झाला होता. त्यातल्या एका अक्षराचं शेपूट खाली येऊन डावीकडे वळत होतं आणि वळता वळता बारीक होत होतं. पाऊल नव्हतंच ते. थेंब गळायच्या आधी जसा लांबतो, तसं होतं. मी दुसऱ्या दिवशी ते शेपूट आठवून 'क'च्या दंडाला लावलं. लोंबणाऱ्या गोष्टीला खाली थेंब यावा हे बरोबर दिसत होतं. सरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, हेच चालू ठेव.

मी चालू ठेवलं. सगळी व्यंजनं, मग काना-मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, आणि जोडाक्षरांचा न संपणारा ढीग. सकाळी घाटकोपरला उतरून बस धरायची, टेबलावर बसायचं, वळणं काढायची, संध्याकाळी परत. माझा हात तेव्हा जितका स्थिर होता तितका आधी कधी नव्हता आणि नंतरही झाला नाही. वाकोल्याची मैत्रीण एकदा माझ्या मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. तुझं सगळं बरं आहे ना, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिला वडिलांचं माहीत होतं. ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबले, पण तिने माझ्या टेबलावर एक खारी ठेवली आणि गेली.

घरी बाबा रोज सकाळी पेपर घेऊन बसायचे. नोकरी गेली होती. गाडीचा नंबर वाचता येत नसलेला वॉचमन कोण ठेवणार. तरी आंघोळ करून, चष्मा लावून, खिडकीपाशी खुर्ची ओढून ते पेपर उघडायचे आणि पानं उलटायचे. फोटो बघायचे. एखादा फोटो आवडला तर आईला बोलावून दाखवायचे. आईने शेजारी सांगितलं होतं की चष्म्याचा नंबर बदललाय. बेन अधूनमधून विचारायची की नवा चष्मा आला का, आणि आई म्हणायची, येतोय.

एका रविवारी मी काही रेखाटनं घरी आणली होती. नुसते पेन्सिलीचे सांगाडे, सोमवारी त्यांना जाडी द्यायची होती. मी ती जमिनीवर पसरून बसले होते. बाबा खुर्चीवरून वाकून बघत होते. मग ते खाली येऊन बसले आणि एका सांगाड्यावर त्यांनी बोट ठेवलं. बोट दंडावरून खाली गेलं, वर आलं, डावीकडे गोल फिरलं, उजवीकडे गोल फिरलं. त्यांचं बोट थांबलं.

"क," ते म्हणाले.

आई ओट्याजवळून वळून बघायला लागली. बाबांनी दुसऱ्या कागदावर बोट फिरवलं आणि 'म' म्हणाले. तिसऱ्यावर जरा वेळ लागला, पण 'ल' आला. डोळ्यांना जे कळत नव्हतं ते बोटाला कळत होतं. लहानपणी पाटीवर गिरवलेलं बोटात कुठेतरी शिल्लक होतं. आई पदराने डोळे पुसायला लागली. मी भराभर पिशवीतून शाईची पूर्ण झालेली अक्षरं काढून त्यांच्यापुढे ठेवली. मला वाटलं, मोठी आहेत, ठळक आहेत, आणखी सोपी जातील.

त्यांनी 'ग'वर बोट ठेवलं. दंडावरून खाली आले आणि थेंबाच्या वळणात शिरले. बोट डावीकडे वळत गेलं आणि टोकाला येऊन अडलं.

"ह्या खय जाता?" त्यांनी विचारलं.

हे कुठेच जात नाही, ते नुसतं शोभेचं आहे, असं मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडले. 'श' तर त्यांना अजिबात उलगडला नाही. त्यात मी चार वळणं दिली होती. मी ते कागद गोळा केले आणि सांगाडे पुन्हा पुढे ठेवले. कुठल्या अक्षरात बोट कुठे अडलं होतं हे मी लक्षात ठेवलं, सर चुका दाखवतात त्या लक्षात ठेवते तसं.

मग काही आठवडे आमचा हाच रविवार झाला. मी सांगाडे आणायची, बाबा बोट फिरवायचे. पुढे त्यांना कागदावर बोट ठेवायचीही गरज लागेना, अक्षराकडे बघत ते हवेत किंवा मांडीवर गिरवायचे. पेपरातला एखादा मथळा ते असा फोडू शकायचे, पण शेवटच्या शब्दापर्यंत येता येता पहिला शब्द विसरलेला असायचा. आई उत्साहाने शेजारी बसायची. मीही बसायची. एके दिवशी मथळ्याच्या मधोमध त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "पुरे गो. दमाक होता." मी म्हटलं, थोडं रोज केलं तर येईल. ते हो म्हणाले. पण पुढच्या रविवारी ते सकाळीच बाजारात निघून गेले. त्यानंतर मी सांगाडे आणले नाहीत. त्यांनी विचारलंही नाही.

त्याच सुमारास मी सरांशी बोलले. 'श'ची दोन वळणं काढून टाकूया, दंडाखालचे थेंब आखूड करूया, वाचताना अडखळायला होतं, असं मी म्हणाले. कोणाला अडखळायला होतं, असं त्यांनी विचारलं. मी बाबांचं सांगितलं, बोटासकट सगळं. सरांनी नीट ऐकून घेतलं. भिंग हातात घेऊन त्यांनी 'श' पुन्हा तपासला.

"लग्नपत्रिका कोणी वाचत नाही गं," ते म्हणाले. "हातात घेतात, बघतात, खूश होतात. मग तारीख आणि हॉल शोधतात. वळणं काढून टाकलीस तर बघायला काय उरेल?"

त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, मग तारीख तरी साधी ठेवू. सर हो म्हणाले. म्हणून त्या अक्षरांच्या संचात आकडे अगदी साधे आहेत, कळी नाही, थेंब नाही. नंतर छापखान्यांनी तक्रार केली की आकडे अक्षरांशी जुळत नाहीत, गरीब पाहुण्यासारखे दिसतात. काही जण दुसऱ्या संचातले आकडे लावायचे. सरांनी ते बदलले मात्र नाहीत.

अक्षरं बाहेर पडली आणि चालली. गिऱ्हाइकाचा निरोप आला की फार आनंदी अक्षरं आहेत, लोकांना आवडताहेत. सरांनी सगळ्यांसमोर तो निरोप वाचून दाखवला. मैत्रिणीने माझ्या दंडाला चिमटा काढला. आनंदी हा शब्द ऐकून मला हसू यायला हवं होतं किंवा रडू. मी 'त्र'ची लाल फिल्म कापत होते, ती पुढे कापली.

मग ती दिसायला लागली. घाटकोपरच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीवर, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर, अंधेरीच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात. बोरिवलीला एका फरसाणवाल्याच्या पाटीवर कोणा पेंटरने ती बघून हाताने काढली होती आणि माझ्या एका थेंबाचे त्याने तीन केले होते. कोणाच्या तरी दहाव्याच्या कार्डावरही मी ती पाहिली. छापखानेवाल्याकडे तेवढीच अक्षरं असतील. 'दुःखद निधन' या शब्दांच्या खाली कळ्या लोंबत होत्या. कोणाला त्यात वावगं वाटलेलं दिसलं नाही. मलाही वाटलं नाही.

याच काळात माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. बोरिवलीचं एक स्थळ आलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मावशी. मूळ गाव आमच्याच बाजूचं, वडील पूर्वी गिरणीतच, दुसऱ्या. बाबांचं आणि त्यांचं लगेच जमलं. आईने बाबांच्या आजाराबद्दल त्यांना अर्धंच सांगितलं होतं, की आजार येऊन गेला, आता बरे आहेत. पोहे झाले. मी समोर बसले होते. मुलाच्या वडिलांनी बोलता बोलता पिशवीतून एक पत्रिका काढली. थोरल्या मुलाच्या लग्नातली होती, चारच महिन्यांपूर्वीची. आमच्याकडे छपाई अशी असते, उगाच कसंतरी उरकत नाही, असं म्हणत त्यांनी ती कौतुकाने बाबांच्या हातात दिली. "बघा, मजकूर कसा केलाय तो," ते म्हणाले.

लांबूनच मला 'श' दिसला. चारही वळणांचा.

आई चहाची कपबशी हातात धरून दारात उभी राहिली. ती काहीतरी बोलून मध्ये पडणार, हे मला कळत होतं. बाबांनी चष्मा सारखा केला. पत्रिका जरा डावीकडे सरकवून धरली, कारण उजवीकडचं त्यांना दिसायचं नाही. घाई न करता वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग अंगठा कागदाच्या कडेवरून खाली नेला आणि म्हणाले, "छाप अगदी सरळ बसलाय. कडेपासून अंतर सारखं आहे सगळीकडे. असं हल्ली कोण करत नाही."

मुलाचे वडील खूश झाले. गिरणीतल्या माणसाचं लक्ष तिथेच जाणार, असं ते म्हणाले. मग दोघं गिरणीच्या गोष्टींत रमले. पत्रिका हातोहात फिरत माझ्याकडे आली. ही अक्षरं मी काढली आहेत, असं सांगायची ती जागा होती. मुलगी काय करते हा प्रश्न तर झालाच होता आणि आईने 'ड्रॉइंग' असं उत्तर दिलं होतं. मी पत्रिका बघितली, छान आहे म्हटलं आणि मुलाच्या मावशीकडे दिली.

ते गेल्यावर आई कपबश्या विसळायला गेली. बाबा खिडकीपाशी बसले होते, मी खाली चटई गुंडाळत होते. बाबा पाहुण्यांसमोर शहरी मराठी बोलायचे, ते गेले की मालवणीवर यायचे.

"ती अक्षरां तुझीच ना गो?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि तुम्हाला कसं कळलं विचारलं. त्या खाली गळणाऱ्या शेपटांवरून, ते म्हणाले. त्यातच बोट अडायचं ना.

"मगे सांगलंस नाय ता?"

मी खांदे उडवले.

"तुका काय वाटणा नाय काय गो?"

असं थेट मला कोणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही. मी खरं ते सांगितलं. नाही वाटत, म्हटलं. बरेच दिवस झाले, काहीच वाटत नाही. कशाचंच. मला वाटलं ते घाबरतील. त्यांनी नुसती मान हलवली, समोरच्या माणसालाही आपल्याच गावची बस धरायची आहे असं कळल्यासारखी.

"माका पण तसाच," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बोट केलं. समोर औषधाचं दुकान होतं, त्याच्या शेजारी शिंपी, वर क्लासची पाटी, पलीकडे भिंतभर कसलीतरी जाहिरात. "आधी अक्षर दिसला की वाचला जाय. नको म्हटला तरी. बाजारात गेलंय की सगळ्यो पाट्यो वराडत. आता सगळी गप बसलीत. गिरणीत इंग्रजी छाप मारताना ती अशीच गप असत." त्यांनी बोट खाली घेतलं. "खरा सांगू? माका बरा वाटता."

मी चटई हातात धरून उभी होते. इतके महिने आम्ही त्यांचं काहीतरी परत आणायच्या मागे होतो आणि ते तिथे शांत बसले होते. दिवसभर मी त्या पाट्यांना आणखी शेपटं लावत असायची. मला राग आला असं वाटलं, पण तो राग नव्हता. त्या महिन्यांमधलं ते पहिलं काहीतरी होतं, एवढं आठवतं. त्याला नाव देता आलं नाही. आईने आतून फडकं मागितलं, ते मी नेऊन दिलं.

स्थळाकडून होकार आला. मुलाला बाबांचं सगळं खरं सांगायचं, असं मी आईला बजावलं आणि तिने सांगितलं. त्यांची काही हरकत नव्हती. मी हो म्हटलं, चहा घेणार का विचारल्यावर म्हणावं तशा आवाजात. लग्न मुलुंडलाच झालं. पत्रिका आमच्या जवळच्या छापखान्यात छापल्या. त्या माणसाकडे जुने शिशाचे खिळे होते, त्यामुळे माझ्या पत्रिकेत माझी अक्षरं आली नाहीत. कोणी तिकडे लक्ष दिलं नाही. नवरा माणूस शांत होता. पहिल्या काही महिन्यांत मी गप्प बसलेली असले की तो काय झालं विचारायचा नाही, रेडिओ जरा बारीक करायचा. त्याचा मला आधार वाटायला लागला. वाटायला लागला, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

ऐंशीचं दशक संपता संपता मरोळला कॉम्प्युटर आला. वीतभर अक्षर शाईने काढायची गरज उरली नाही. आमचे संच हळूहळू त्यात चढवले गेले. माझ्या अक्षरांचे थेंब पडद्यावर बारीक पायऱ्यांसारखे दिसायचे, पुढे ते नीट झाले. सरांनी मूळ रेखाटनं घेऊन जाणार का विचारलं. मी नको म्हटलं, बोरिवलीच्या घरात ठेवायला जागा नव्हती. मैत्रिणीने काही नेली. जाड कागद होता, मुलांच्या वह्यांना कव्हरं घातली असं तिने नंतर सांगितलं.

महिन्या-दोन महिन्यांतून एखादा रविवार मी मुलुंडला जायची. एकदा न कळवता गेले. दार लोटलेलं होतं. बाहेर चपला काढताना आतून आईचा आवाज आला, तुटक, एकेक अक्षर जोडत चाललेला. ती वाचत होती. नाक्यावरच्या वाचनालयातून तिने एक जाडी कादंबरी आणली होती. वाचनालयात तिने स्वतः जाऊन नाव घातलं होतं, हे मला नंतर कळलं. ती 'अं-तः-क-र-णा-त' असं म्हणायची आणि थांबायची. मग बाबा, डोळे मिटून खुर्चीत मागे रेललेले, अख्खा शब्द उच्चारायचे, आणि पुढचा कुठला असेल त्याचाही अंदाज सांगायचे. आई म्हणायची, तसं नाही लिहिलेलं. मग पुन्हा अक्षरं जोडायची. कधी त्यांचा अंदाज बरोबर निघायचा. एका पानाला किती वेळ लागत असेल कोण जाणे. गोष्टीतल्या बाईचा नवरा बोटीवरून परत येणार होता आणि तो काही परत येत नव्हता.

मी आत गेले. आईने लाजून पुस्तक मिटलं, बोट मात्र पानात ठेवलं.

"तू वाच गो जरा," ती म्हणाली. "मी चाय टाकतंय."

मी हात पुढे केला. त्या पानावर मला एका नजरेत सगळं दिसलं, नवरा पुढच्या परिच्छेदात येतो तेसुद्धा. बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"नको," ते आईला म्हणाले. "ता भरभर वाचून टाकता. तूच वाच."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं, बोट ओळीवर ठेवलं आणि सुरुवात केली. मी आत गेले आणि तिघांचा चहा टाकला.